मंडईआधीचा शुक्रवार

भंडारा जिल्ह्यातल्या त्या दिवाळीची हकीगत मी साताऱ्यात इतक्यांदा सांगितली आहे की, आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना ती पाठ असेल. वादळ कुठे वळलं, मी कुठलं मॉडेल धरलं, एका अख्ख्या गावाचं धान कसं वाचलं आणि मला मंडईच्या जत्रेत मंचावर शाल कशी पांघरली, हे सगळं त्यात असे. फक्त शुक्रवार नसे. गुरुवारपर्यंत रंगवून सांगून मी थेट शनिवारच्या पावसात उतरायचो. मधला दिवस कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही आणि मीही ती वेळ येऊ दिली नाही. आता वय झालं. तो दिवस जिथल्या तिथे ठेवून एकदा लिहून काढतो.

सोमवार, वरठी

भंडारा रोड म्हणजे वरठीचं स्टेशन. गाडीतून उतरलो तर डोमाजी स्वतः हजर. डोमाजी म्हणजे माझ्या मेधाचे सासरे, मोहाडी तालुक्यातले शेतकरी. मेधा आणि जावई प्रशांत जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात, पण सणाला दोघं गावी आलेले होते. सौभाग्यवतींचे गुडघे एवढा प्रवास सोसण्यातले नाहीत, म्हणून मी एकटाच.

"इवाई, या या!" डोमाजींनी माझी पिशवी हिसकावूनच घेतली. "एकटेच आले? इनबाईले काहून नाई आनलं?"

व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात, विहिणीला इनबाई. आमच्याकडे मुलीचा बाप तिच्या सासरी जरा मान खाली घालूनच बसतो. माझे आजोबा तर आत्याच्या घरचं पाणीही पीत नसत. इथे डोमाजींनी दारात स्वतः बादली आणली, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि खांद्यावरचा दुपट्टा पाय पुसायला पुढे केला. मी पाय मागे घेतला, तर म्हणाले, "राहू द्या इवाई, आमच्याकडे पाहुन्याचे पाय पाहुना धूत नाई."

जेवायला आयते होते. तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं म्हणा हवं तर, पण आमच्या धिरड्याला ती नजाकत नाही. सोबत गावच्या तलावातले झिंगे. शेजारच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सखूबाई ते सकाळीच देऊन गेल्या होत्या, आणि संध्याकाळी पाहुणा काय म्हणतो ते ऐकायला पुन्हा आल्या. चौथा आयता मी नको म्हणालो. विहीणबाई म्हणाल्या, "साताऱ्याचे लोकं एवढेच खातात? मंग मेधा आमच्याकडे येऊनच जेवाले शिकली म्हना."

मंगळवार, अंगणातला समुद्र

सकाळी डोमाजींबरोबर बांधावरून हिंडलो. आमच्याकडे दिवाळीला शेतात ज्वारी वीतभर असते. तिथे दिवाळी म्हणजे पीक हातात येण्याचे दिवस. लवकर पिकणारं हलकं धान कापलेलं होतं आणि ओळीने जमिनीवर पसरून पडलेलं होतं. त्या पसरलेल्या ओळींना कडपा म्हणतात. कडपा चार दिवस ऊन खातात, मग त्यांचे भारे बांधून पुंजणे रचतात. पुंजणं म्हणजे भाऱ्यांचा घुमटासारखा ढीग. एकदा नीट रचला की वरून कितीही पाणी पडो, आत थेंब जात नाही. पण कडपांवर पाऊस पडला तर दाण्याला तिथेच कोंब फुटतात. उलट, धान ओलसर असताना पुंजणं रचलं, तर आत ऊब धरते आणि तांदूळ पिवळा पडतो. ही दुहेरी अडचण नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

शुक्रवारी गावची मंडई होती. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, दंडारीचा ढोलावरचा नाच, वडशाहून येणारं नाटक, घरोघर पाहुणे. सोयरिकी जुळतात त्याही मंडईतच. गावाची वर्षभराची इभ्रत त्या एका दिवसावर असते, आणि त्या वर्षी मंडईच्या कमिटीत डोमाजी होते.

मी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मला हवामानाच्या मॉडेलांचा नाद लागला. जगातले मोठे संगणक दिवसातून अनेकदा पुढच्या आठ-दहा दिवसांचं आभाळ गणितानं मांडतात, आणि ते नकाशे मोबाईलवर कुणालाही पाहता येतात. युरोपचं एक मॉडेल, अमेरिकेचं एक, जर्मनांचं एक. मी रोज सकाळी तिघांना शेजारी बसवतो. तिघांचं जमलं तर चहा घेतो, नाही जमलं तर दोनदा घेतो.

त्या मंगळवारी तीन तोंडं तीन दिशांना होती. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत होतं. अमेरिकेचं मॉडेल त्याला ओडिशावरून बंगालकडे नेत होतं. जर्मन त्याला आंध्रच्या किनाऱ्यावर चढवून बस्तरच्या जंगलात विरवत होतं. युरोपचं त्याला तेलंगणावरून सरळ आमच्या अंगणात आणत होतं.

डोमाजींना हे दाखवायला मी शेणानं सारवलेल्या अंगणात तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्यांनी किनारा मांडला आणि तीन काड्या तीन वाटा म्हणून ठेवल्या. विहीणबाई बाहेर आल्या. "आत्ता सारवलं म्या, अन् तुमी दोघं म्हातारे तनस घेऊन खेळून राहिले?"

"खेळून नाई राहिलो," डोमाजी म्हणाले. "हा समुद्र आहे. त्यात पाय देऊ नोको."

तेवढ्यात एका कोंबडीनं विशाखापट्टणम उकरलं.

"कोनाचं खरं मानाचं?" डोमाजींनी विचारलं.

मी म्हणालो, "आज कुणाचंच नाही. जो दोन-तीनदा विचारलं तरी तेच सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा. उद्या सांगतो."

बुधवार, चावडी

पहाटेपासून मी मोबाईल घेऊन बसलो. अमेरिकेचं मॉडेल दर खेपेला वाट बदलत होतं. कधी ओडिशा, कधी समुद्रातच. जर्मनाचं बोट हळूहळू पश्चिमेकडे सरकत होतं. युरोपचं मात्र हललं नव्हतं. त्याच मॉडेलला सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पन्नास वेळा चालवतात. एकाच घरातली पन्नास भावंडं म्हणा. त्यांतली बहुतेक भावंडं वैनगंगेच्या खोऱ्यातच येऊन थांबत होती. वरच्या थरात पश्चिमेकडून वाऱ्याचा एक वळसा येत होता, तो वादळाला आपल्याकडे ओढणार हे मला लख्ख दिसलं. आयुष्यात इतकी खात्री मला फार थोड्या वेळा वाटली आहे. सरकारी पत्रकात पूर्व विदर्भाला सावध राहा म्हटलं होतं, पण कुठल्या गावानं काय करावं हे पत्रक कसं सांगणार?

मी डोमाजींना गोठ्यात गाठलं. "मंडई थांबवा. कापलेलं सगळं बांधून रचा, उभं आहे ते कापू नका. उद्या रात्री किंवा शुक्रवारी पाऊस येणार, आणि साधासुधा नाही."

"धान पुरता वाळला नाई, इवाई."

"थोडी ऊब धरेल. भिजण्यापेक्षा ते परवडेल. जबाबदारी माझी."

जबाबदारी माझी. हे शब्द मी म्हणालो; गोठ्यात दोन बैल आणि डोमाजी, एवढेच साक्षीदार.

चावडीवर कमिटी बसली. हरिभाऊ कमिटीचे अध्यक्ष. मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे, मनानं वाईट नव्हेत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय गुरुजी, तुमच्या साताऱ्यात पानी सांगून येते काय?"

मी बोलणार, तेवढ्यात डोमाजी उभे राहिले. तिकडची रीत अशी की, पाहुण्याला चावडीवर कुणी उलटतपासणीला उभं करत नाही. ज्याच्या घरी पाहुणा, तो उत्तर देतो. डोमाजी म्हणाले, "हा माह्या घरचा बोल आहे. मंडई पुढच्या हप्त्यात घ्या. कापलेला धान आज-उद्या बांधा."

"अन् नाटकवाल्याईले काय सांगू?"

"पानी सांगा."

"अन् पानी आलाच नाई तं?"

"तं माह्या दारात येऊन भांडजा."

गुरुवार, पुंजणे

एक गाव मनात आणलं तर काय करू शकतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मंडईसाठी आलेले जावई, मेहुणे, साडू, कुणालाही सुट्टी नव्हती. नव्या कपड्यांवर गमछे बांधून माणसं शेतात उतरली. बायका भारे बांधत होत्या, पुरुष डोक्यावर घेऊन धावत होते, म्हातारे पुंजणे रचत होते. कारखान्यात यंत्रावर काम करणारा आमचा प्रशांत भारा बांधायला गेला, तर तो उचलल्याबरोबर सुटला. सखूबाई ओरडल्या, "साहेब, नट-बोल्ट लावा त्याले!" ढिवरांची सगळी आळी जाळी ठेवून मदतीला आली होती.

मीही भारे उचलले. तिसऱ्याला बांधावरून पाय घसरला आणि भाऱ्यासकट चिखलात बसलो. लोक हसले, मीही हसलो. दुपारचं जेवण बांधावरच झालं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी. तशी चव घरच्या ताटात येत नाही. दिवस मावळताना शिवारात एक कडप उरली नव्हती. जिथे नजर जाईल तिथे सोनेरी घुमट उभे. हरिभाऊसुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काही म्हना, दिसून तं मस्त राहिलं."

शुक्रवार

शुक्रवारी ऊन पडलं.

नुसतं ऊन नव्हे. ढगाचा ठिपका नाही, वारा नाही, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. मी मोबाईल उघडला. वादळ समुद्रात एका जागी थबकलं होतं. युरोपच्या मॉडेलनं पाऊस एक दिवस पुढे ढकलला होता, पण वाट तीच ठेवली होती. अमेरिकेच्या मॉडेलनं त्या सकाळी वादळ थेट बंगालला नेलं होतं. भंडाऱ्यावर एक थेंब नाही.

दुपारी चावडीवरून बोलावणं आलं. मंडई भरायची ती जागा रिकामी पडली होती. कमिटीचे चार-पाच जण बसले होते.

"या डोमाजी, या!" हरिभाऊ म्हणाले. "छत्री नाई आनली? कसा पानी पडून राहिला, पाहा ना!"

सगळे हसले. डोमाजीही हसले. मग एक जण म्हणाला, "मजाक जाऊ द्या. माह्या पुंजन्यात हात घालून पाहा. भट्टी होऊन राहिली आत. असाच राहिला तं धान जाते. मी तं उकलून वाळू घालतो."

"उकलाचंच लागते," दुसरा म्हणाला.

आता हरिभाऊंनी रीत बाजूला ठेवली आणि सरळ मला विचारलं. "गुरुजी, तुमीच सांगा. पानी येते म्हनून तुमी बोलले होते का नाई?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नकाशा नव्हता. मेधा होती. पाऊस आला नाही, धान पिवळं पडलं, मंडई बुडाली, तर या गावात माझ्या पोरीला जन्मभर काय ऐकावं लागेल, एवढंच मला दिसलं. निदान पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला तसं सांगितलं. खरं तर मला माझी फजितीही दिसत होती.

मी म्हणालो, "मी फक्त शक्यता सांगितली होती. थांबवायचं डोमाजींनी ठरवलं."

 डोमाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मंग आता उकलाचे का?" हरिभाऊंनी विचारलं.

"नवा अंदाज पाहता," मी म्हणालो, "उकलायला हरकत नसावी."

नवा अंदाज एकाचाच होता, आणि तोही रोज शब्द फिरवणाऱ्याचा. बुधवारी मी मॉडेल निवडलं ते अभ्यासानं. शुक्रवारी निवडलं ते भीतीनं. जे मला सुटका देत होतं, तेच मला खरं वाटू लागलं.

माणसं उठू लागली. तेव्हा डोमाजी म्हणाले, "थांबा. इवाई सकाळचं सांगून राहिले. संध्याकाळचं यायचं आहे. तवापर्यंत पुंजन्याले हात लावू नोका. थांबवलं मीच होतं, बरोबर आहे. ज्याचा धान खराब होईन, त्याले माह्या पुंजन्यातून भरून देईन."

घरी येऊन मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिलो. मोबाईल उशाखाली ठेवला आणि उघडला नाही. संध्याकाळी डोमाजी एकटेच चावडीवर गेले. तिथे ते काय बोलले हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "इवायानं पुन्हा पाहिलं. उकलू नोका म्हन्ते. पानी उद्या येते." मी काही पाहिलं नव्हतं. मी काही म्हणालो नव्हतो.

शनिवार आणि रविवार, पाऊस

शनिवारी पहाटे कौलांवर पहिले थेंब पडले आणि उजाडेपर्यंत आभाळ फाटलं. मी अंगणात धावलो. भिजत उभा राहिलो. पूर्वेकडून पाऊस भिंतीसारखा येत होता, धानाच्या बांध्या भरत होत्या, तलावाचं पाणी सांडव्यावरून कोसळत होतं, आणि त्या सगळ्या पाण्यात ते सोनेरी घुमट कोरडं पोट घेऊन उभे होते. असं दृश्य माणसाला एकदाच मिळतं. हरिभाऊ छत्री न घेता धावत आले, मला मिठी मारून त्यांनी उचललंच. "गुरुजी! मानलं तुमाले! अन् आमी उकलाले निघालो होतो, बाप्पा!"

गावातला प्रत्येक माणूस त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन गेला. कुणी अनरसे आणले, कुणी चिन्नोर जातीचे तांदूळ आणले. सखूबाईंनी सांडव्यावर सापडलेली मासोळी टोपलीभर आणली. त्या दारातच ओरडल्या, "पान्याच्या साहेबाले पोचवा!" मेधाचा चेहरा मी विसरणार नाही. तिच्या लग्नातही ती इतकी ताठ मानेनं चाललेली मी पाहिली नव्हती.

रविवारी पाऊस चालूच होता. दुपारी पडवीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "डोमाजी, परवा तुम्ही कशावरून धरून बसलात? मी तर…"

ते तंबाखू मळत हसले. "तुमी नाई का म्हनत, अंदाज शेजारी ठेवून पाहाचे? मी तुमचेच दोन ठेवले. बुधवारचे तुमी अन् शुक्रवारचे तुमी. बुधवारी तुमी पाहून बोलले. शुक्रवारी भिऊन बोलले. मी बुधवारचं धरलं."

मी हसलो. हसण्यावारी गेलं. तिथे मी बोलायला हवं होतं. पण बाहेर इतका सुंदर पाऊस पडत होता आणि मी इतका खूश होतो की, मला वाटलं, याला कुठे राग आहे? काढायचा कशाला विषय?

पुढच्या आठवड्यातली मंडई

ऊन पडल्यावर मंडई भरली, आणि हरिभाऊंच्या शब्दांत, बापजन्मात भरली नव्हती अशी भरली. आजूबाजूच्या काही गावांत कडपा भिजल्या होत्या. त्यांचं वाईट वाटत होतं, आणि तरी आमच्या गावाची छाती फुगलेली होती. दुकानं लाखनीच्या रस्त्यापर्यंत गेली. दंडारीचे ढोल घुमत होते, जिलेबीच्या कढया एकदाही रिकाम्या दिसल्या नाहीत. पावसामुळे नाटकवाल्यांचा दुसऱ्या गावचा खेळ बुडाला होता, म्हणून तेही आले. पडदा उघडण्याआधी मला मंचावर बोलावलं. शाल पांघरली, नारळ दिला. हरिभाऊंनी माईकवर सांगितलं, "लोकं डगमगले, पन गुरुजी डगमगले नाई."

डोमाजी खाली पहिल्या रांगेत बसले होते. ते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मी माईक हातात घेतला आणि युरोपच्या मॉडेलचे आभार मानले. लोक खूप हसले. माझं ते भाषण तिथे अजून आठवतात म्हणे.

हाच तो खोटा इतिहास. मी डगमगलो होतो. मी उकला म्हणालो होतो. माझं ऐकलं असतं, तर शनिवारी त्या गावात कोरडा दाणा राहिला नसता. न डगमगलेला माणूस खाली बसून टाळ्या वाजवत होता. ते धान डोमाजींनी वाचवलं. मेधा, प्रशांत, हरिभाऊ, सखूबाई, सगळ्यांनी हे आता वाचावं.

शेवटची भेट

त्यानंतर मी अनेकदा गेलो. प्रत्येक खेपेला बोलायचं ठरवून जायचो आणि आयते खाऊन परत यायचो. डोमाजी तो विषय निघूच देत नसत; दुसऱ्यांसमोर निघालाच, तर स्वतःच माझी फुशारकी मारत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची तब्येत बिघडली म्हणून गेलो. ते खाटेवर पडून होते, आवाज बारीक झाला होता. विहीणबाई चहा करायला आत गेल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात धरला.

त्यांनीच विचारलं, "यंदा पानी कसा आहे, इवाई?"

मी मोबाईल काढला. तिन्ही मॉडेलं शेजारी लावून दाखवली. दोघं वेळेवर म्हणत होते, एक जरा उशिरा.

"तुमी कोनाचं धरता?"

"वेळेवर येईल," मी म्हणालो. "धानाची रोवणी मजेत होईल."

"मंग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. विहीणबाई चहा घेऊन आल्या.

पाऊस वेळेवर आला. रोवणी मजेत झाली. डोमाजी त्याआधीच गेले.

मी घरून ठरवून नेलेलं वाक्य मोठं नव्हतं. इवाई, बुधवारी मी जबाबदारी माझी म्हणालो आणि शुक्रवारी ती चावडीवर तुमच्या गळ्यात टाकली. मला माफ करा. त्या दिवशी मी तेवढा चहा प्यालो, कप खाली ठेवला आणि निघालो.